वहिनींचा माइक चालू होता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्या नाटकात वहिनींचा माइक बंद पडला नव्हता. चांगला चालू होता. त्यातून आलेला त्यांचा शब्द न् शब्द माझ्याकडे आहे, आणि तो रेकॉर्डच झाला नाही असं मी सगळ्यांना सांगितलं.

एवढं लिहिलंच आहे तर बाकीचंही लिहितो. मला लिहायची सवय नाही. माझं काम मोजण्याचं. कुवेतमधल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मी वीस-बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंटवाला आहे. दाब, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलतात की नाही ते तपासायचं आणि कागदावर सही करायची. मी सही केली की पुढे कुणी काही विचारत नाही. ही गोष्ट पुढे मला उपयोगी पडली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनी म्हणजे माझ्या मित्राची बायको. मित्र नाशिकचा, आमच्याच प्लांटवर शिफ्टला. तरुणपणी त्याला ट्रेनिंगसाठी ओसाकाला पाठवलं होतं. लोक तिथून कॅमेरा घेऊन आले, हा बायको घेऊन आला. हे वाक्य माझं नाही, त्याचंच; पाहुणे आले की तो ते म्हणायचा आणि वहिनी मागून म्हणायच्या, "कॅमेऱ्याला वॉरंटी तरी असते."

ओसाकात त्या एका नाटक मंडळीत होत्या. तिथली शिस्त त्यांनी मला एकदा सांगितली होती. पहिली तीन वर्षं रंगमंच झाडायचा, दुसऱ्यांचे कपडे घड्या घालून ठेवायचे, आणि विंगेत उभं राहून ऐकायचं. चौथ्या वर्षी एक वाक्य मिळतं. त्यांना ते मिळालं, मग मोठ्या भूमिकाही मिळाल्या, टीव्हीवर दोन-तीन कामं झाली, आणि नेमकं तेव्हा लग्न करून त्या कुवेतला, हवल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर येऊन पडल्या. आम्ही त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर.

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. वहिनींनी इथल्या मालिका बनवणाऱ्यांची दारं ठोठावली. रमजानसाठी इथे ढीगभर मालिका निघतात, त्यांना माणसं लागतात. त्यांना काम मिळालं. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात अध्यक्ष त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, "कुवेती मालिकांत काम करणारी पहिली जपानी अभिनेत्री!" टाळ्या व्हायच्या. खाली बसल्यावर त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "पहिली जपानी अभिनेत्री नाही, भाऊजी. पहिली जपानी फिलिपिनो मोलकरीण."

त्याचा अर्थ मला वफ्राला कळला. मित्राची शिफ्ट होती म्हणून मी त्यांना शूटिंगला सोडायला गेलो होतो. तिथे शेतांच्या मधोमध एक मोठं फार्महाऊस होतं. बाहेर खजुराची झाडं आणि प्लॅस्टिकची हिरवीघरं, आत दिवाणखान्यात झगझगीत दिवे. वहिनींना फिलिपिनो मोलकरणीचा निळा युनिफॉर्म दिला होता. काम एवढंच: चहाचा ट्रे घेऊन यायचं, ठेवायचा, मान खाली घालून जायचं. त्यांनी दिग्दर्शकाच्या मदतनिसाला विचारलं, ट्रे ठेवताना एक शब्द म्हणू का, "तफद्दली"? घ्या, एवढाच अर्थ. आठवडाभर त्या तो शब्द घोकत होत्या. मदतनीस हसून म्हणाला, "नो मॅडम. अशीच बरी. शांत." त्यांनी चार वेळा चहा आणला. चारही वेळा तो चहा कुणी प्यायलं नाही.

परत येताना धूळ उठली होती, गाडी हळू चालवावी लागत होती. वहिनींनी काच वर केली. मग म्हणाल्या, "ओसाकाला तीन वर्षं झाडू मारला. इथे अकरा वर्षं झाली, अजून झाडूच."

मी काहीतरी बोललो असेन, होईल हळूहळू वगैरे.

"मला एकदा बोलायचंय, भाऊजी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीला ऐकू जाईल असं. कुठल्याही भाषेत चालेल."

त्यांचं मराठी मी आधी सांगायला हवं होतं. ते त्यांनी पुस्तकातून घेतलं नव्हतं, नवऱ्याकडूनही नाही. तो घरात इंग्रजीच बोलायचा. ते सासूबाईंकडून आलं होतं. रोज सकाळी नवरा कामावर गेला की त्या नाशिकला फोन लावायच्या आणि तासभर दोघी बोलायच्या. सासूबाईंचे डोळे काचबिंदूने जवळजवळ गेले होते, त्यामुळे व्हिडिओ नाही, नुसता आवाज. म्हणून वहिनींच्या तोंडी सगळी म्हातारी मराठी बसली. "अगं बाई", "मेलं ते", "बस की जरा टेकून". इमारतीच्या हारिसने, म्हणजे रखवालदाराने, पाण्याची टाकी वेळेवर भरली नाही तर त्या त्याला "काय रे मुडद्या" म्हणायच्या. तो इजिप्तचा, त्याला ते आशीर्वादासारखं वाटायचं. उच्चार जपानीच राहिले. 'ळ' कधी आला नाही, 'ल' आणि 'र' एकमेकांच्या जागेवर जाऊन बसायचे. पण हेल अगदी सासूबाईंचा. डोळे मिटून ऐकलं तर नाशिकची एक म्हातारी जपानला जाऊन आल्यासारखी वाटायची.

त्या वर्षी मंडळाच्या नाटकाची संहिता आमच्यातल्याच एका लॅब टेक्निशियनने लिहिली होती. मुलाने व्हिजिट व्हिसावर कुवेतला आणलेली एक म्हातारी. मुलगा-सून कामावर, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी. बोलायला कुणी नाही म्हणून ती दिवसभर गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसून समोरच्या इमारतीशी बोलते. दोन अंक, जवळजवळ सगळं तीच बोलते. मंडळाच्या नाटकात मोठी भूमिका माझ्या बायकोची, असं ठरून गेलेलं होतं. ती पुण्याची, आवाज स्वच्छ, पाठांतर चोख. वाचनाच्या दिवशी वहिनी उठून म्हणाल्या, "मला म्हातारी द्या."

सगळ्यांनी संहितेतून माना वर केल्या.

"माझी मराठी सत्तर वर्षांची आहे," त्या म्हणाल्या. "तुमची कुणाची आहे का एवढी जुनी?"

एकजण म्हणाला, "वहिनी, सासू जपानची आणि सून पुण्याची? लोक तिकीट काढून हसतील."

"हसू दे की मेले. विनोदी नाटक आहे ना?"

त्यांनी पहिलं पान वाचलं. वाचून झाल्यावर माझी बायकोच म्हणाली, "हे मला असं नाही यायचं. मी सून करते." तिच्या मोठेपणाबद्दल मला आजही शंका नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे तिच्यावरही शिंतोडे उडाले आणि ते माझे होते.

तालमी आमच्या इमारतीच्या तळघरात, दर शुक्रवारी जेवणानंतर. वहिनी सगळ्यांसाठी भाताचे गोळे आणायच्या, आत मेतकूट भरलेलं. झोपाळा कुठे मिळेना, म्हणून मित्र आणि मी अम्गराला भंगारवाल्यांच्या यार्डात जाऊन लोखंडी पाइप आणि एक जुनी फळी शोधली, तिथेच एका पंजाबी वेल्डरकडून जोडून घेतली. झोपाळा करकरायचा. मी तेल घालायला गेलो तर वहिनींनी थांबवलं. "राहू दे, भाऊजी. तो माझा सहकलाकार आहे." पुढे त्या करकरण्यावर त्यांनी वाक्यं बसवली. पायाने रेटा द्यायच्या, बोलता बोलता श्वास तिथे तुटायचा, झोपाळा मागे जायचा, आणि उरलेलं वाक्य परत येताना यायचं. घरी सराव करता यायचा नाही, शेजारच्या पॅलेस्टिनी आजोबांना त्रास होतो म्हणून. सकाळी पार्किंगमध्ये काचा वर करून गाडीत बसायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या. कामावर जाताना मला त्यांचं तोंड हलताना दिसायचं, आवाज नाही.

मी ध्वनी सांभाळायचो. कॉलेजपासून तेच करत आलोय. का, ते पुढे येईल.

प्रयोग एका भारतीय शाळेच्या हॉलमध्ये झाला. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि वहिनी नऊवारीत झोपाळ्यावर. पहिल्या वाक्याला हॉल हसला. मग हसतच राहिला. दुसऱ्या अंकात म्हातारी परत जायच्या दिवशी समोरच्या इमारतीचा निरोप घेते, तिथे माझ्या मागच्या रांगेत बसलेली नर्स हुंदके देत होती. शेवटच्या खुर्चीला ऐकू गेलं. मी तिथे माणूस पाठवून खात्री करून घेतली होती.

यानंतर जे झालं ते सगळं मी केलं.

पुण्याच्या एका संस्थेने परदेशातल्या मंडळांची नाट्यस्पर्धा ठेवली होती. प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाठवायचं. ज्याची निवड होईल त्याने पुण्याला येऊन प्रयोग करायचा. वहिनींनी तेव्हाच ठरवून टाकलं: नाशिकहून गाडी करून सासूबाईंना आणायचं, पहिल्या रांगेत बसवायचं. "त्यांना दिसणार नाही, पण ऐकतील ना. सगळं त्यांचंच आहे. त्यांना परत करायचंय." निवड होवो न होवो, रेकॉर्डिंग मात्र त्यांना लगेच ऐकवायचं, असंही मला दोनदा बजावलं.

मग सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि वहिनी नाशिकला गेल्या. स्पर्धेची मुदत दहा दिवसांवर. अध्यक्षांचा फोन आला, "परीक्षक पुण्याचे आहेत बरं का. आवाज नीट पाठवा." बस, एवढंच. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. त्या वाक्याला शेपूट मी लावलं.

शुक्रवारी दुपारी कानाला हेडफोन लावून मी बसलो. प्रत्येक नटाचा माइक वेगळा रेकॉर्ड केला होता, प्रेक्षकांचा वेगळा. वहिनींचा आवाज उत्तम आला होता. झोपाळ्यासकट, श्वासासकट. मी प्रेक्षकांचा आवाज वाढवला आणि ते हसणं ऐकू लागलो. पुन्हा ऐकलं. हॉलमध्ये असताना ते हसणं मला चांगलं वाटलं होतं. हेडफोनमध्ये ते वेगळं वाटायला लागलं. हे विनोदाला हसताहेत की उच्चाराला? मी मागे नेऊन नेऊन ऐकत राहिलो. शेवटी मला एकच ऐकू यायला लागलं.

मी परभणीकडच्या एका खेड्यातला. हे इथे फार कुणाला ठाऊक नाही. मी पुण्याचा, असंच सगळे धरून चालतात आणि मी खोडत नाही. इंजिनिअरिंगला पुण्यात आलो तेव्हा पहिल्या वर्षी गॅदरिंगच्या एकांकिकेत मला शिपायाचं काम दिलं होतं. दोन वाक्यं. तालमीत पाठ केलेली वाक्यं ऐनवेळी विसरलो आणि तोंडातून घरचं आलं, "साहेब, काय करायलेत तुम्ही?" ते काही विनोदी वाक्य नव्हतं. पाचशे पोरं हसली. पुढे वर्षभर जिन्यात, मेसमध्ये, "काय करायलेत?" मी नाटक सोडलं नाही, पण स्टेज सोडलं. ध्वनीच्या टेबलामागे जाऊन बसलो आणि आपली भाषा घासून घासून काढून टाकली. आईचा फोन आला की अजूनही दार लावून बोलतो.

ते सगळं त्या दुपारी हेडफोनमध्ये आलं. पुण्यातले परीक्षक खुर्चीत मागे टेकून हसताहेत, असं मला स्वच्छ दिसलं. मी स्वतःला समजावलं की वहिनींना त्यातून वाचवतोय. खरं तर मी मलाच वाचवत होतो. नाटकाच्या सुरुवातीला 'ध्वनी' म्हणून नाव माझं जाणार होतं.

संध्याकाळी बायकोला म्हणालो, "वहिनींचा माइक हॉलमध्ये चालू होता, पण रेकॉर्डिंगला आलाच नाही. चॅनेलच गेलं."

"सगळं?"

"सगळं."

"अगं बाई. मग आता?"

"तू बोल त्यांच्या जागी. तुझं सगळं पाठ आहे."

"अहो, पण त्यांनाच का नाही बोलवत?"

"त्या हॉस्पिटलमध्ये सासूच्या उशाशी बसल्यात. मुदत दहा दिवसांची."

अध्यक्षांनाही तेच सांगितलं. इन्स्ट्रुमेंटवाल्याने सांगितलं की यंत्र बिघडलं, मग तपासणार कोण?

वहिनींना मी लिहिलं की आवाजात थोडी दुरुस्ती करावी लागतेय. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, आवाजाच्या निरोपातच. मागे हॉस्पिटलची भांडी वाजत होती. "भाऊजी, कुठलं वाक्य आहे? मी इथून फोनवर बोलून पाठवू? सगळं पाठ आहे मला. हवं तर सगळं नाटक बोलते."

मी उत्तर दिलं की फोनचा आवाज जुळणार नाही.

कपाटातले कपडे बाजूला सारून, आवाज घुमू नये म्हणून आत दुलया लावून, बायकोला स्टुलावर बसवलं. तिने समोर चित्र बघत चार दिवसांत दोन्ही अंक बोलून दिले. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "थोडं त्यांच्यासारखं बोलू का? लोकांना समोर त्या दिसणार."

"नको. स्वच्छ बोल."

"मला नाही बरं वाटत हे."

"माइक गेला त्याला मी काय करू?"

कॅमेरा हॉलच्या मागे होता, डोक्यावर पदर, ओठ दिसत नव्हते. झोपाळ्याचं करकरणं मी वेगळं रेकॉर्ड करून खाली पसरलं, सुनेची तिची मोजकी वाक्यं किंचित वरच्या सुरात नेली. काम चोख झालं. ते मला येतं.

निवड झाली नाही. पण भूमिकेसाठी वहिनींच्या नावाचं उत्तेजनार्थ प्रमाणपत्र आलं, आणि रेकॉर्डिंग नाशिकला पोचलं.

वहिनी परत आल्या त्या आठवड्यात एकट्याच आमच्याकडे आल्या. स्टीलच्या डब्यात चिवडा आणला होता. बायको चहा करायला आत गेली. नेहमी त्या तिच्यामागे स्वयंपाकघरात जायच्या, त्या दिवशी गेल्या नाहीत.

"सासूबाईंना ऐकवलं," त्या म्हणाल्या.

"हो? काय म्हणाल्या?"

"अर्धा तास काही बोलल्याच नाहीत. मला वाटलं झोपल्या. मग म्हणाल्या, 'ही कोण गं?' म्हटलं मी. म्हणाल्या, 'तू नव्हेस. ही बाई झोपाळ्यावर बसलेलीच नाही. हिचा श्वास कुठे तुटत नाही. बंद कर ते.'"

मी चिवड्याच्या डब्याकडे बघत होतो.

"थोडी दुरुस्ती म्हणालात. मी शेवटपर्यंत ऐकलं, भाऊजी. मी कुठे होते त्यात?"

मी माइकचं सांगितलं. चॅनेल, रेकॉर्डर, ओलावा, एक सैल झालेली पिन. जितकं जास्त सांगत गेलो तितकं ते खरं वाटायला लागलं, मलासुद्धा. त्यांनी मध्ये तोडलं नाही. नाटकातल्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य संपू द्यायची सवय असते.

"माइक खरंच बंद होता?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. बायको चहा घेऊन आली. वहिनींनी कप हातात घेतला आणि तिला म्हणाल्या, "छान बोललात हं तुम्ही." बायकोचे डोळे भरले. ती काहीतरी सांगू लागली, पण वहिनींनी मान हलवली. त्या चहा पूर्ण प्यायल्या.

गणपतीत मंडळाने ते प्रमाणपत्र द्यायचा कार्यक्रम केला. अध्यक्षांनी तेच जुनं वाक्य म्हटलं, पहिली जपानी वगैरे. वहिनींनी प्रमाणपत्र घेतलं आणि माइकसमोर उभं राहून वाचलं. देवनागरी त्या हळू वाचायच्या, बोट ठेवून. परीक्षकांनी त्यांच्या वाणीची स्वच्छता विशेष नोंदवली होती. ते शब्द त्यांनी त्यांच्या उच्चारात, सासूबाईंच्या हेलात, शेवटच्या खुर्चीपर्यंत वाचले. कुणीही हसलं नाही. मग खाली उतरून माझ्या बायकोपाशी गेल्या, कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. लोकांना वाटलं केवढं हे मन! कडकडून टाळ्या झाल्या. बायको घरी येऊन रडली. म्हणाली, "मी काय केलं होतं हो?" पुढे मंडळात कुजबुज झाली की पुणेवालीनेच हट्टाने आपला आवाज घुसवला. मी ऐकलं आणि गप्प राहिलो. तिने त्यानंतर एकाही नाटकात काम केलं नाही. विचारलं तर म्हणते, कंटाळा आला.

त्या दिवसानंतर वहिनी आमच्याशी मराठी बोलल्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. जिन्यात भेटल्या की इंग्रजीत, "गुड मॉर्निंग, सर." भाऊजीचा सर झालो. मित्र एकदा प्लांटवर म्हणाला, "अरे, हिचं मराठी पार बंद झालंय. आईसुद्धा विचारते, सून रुसली का म्हणून. काय झालं रे?" मी म्हटलं, वय होतं, परकी भाषा गळून पडते. त्याने मानही डोलावली.

सासूबाई त्या हिवाळ्यात गेल्या. खुब्यानंतर उठल्याच नाहीत.

पुढच्या रमजानमध्ये मी दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर मालिका चालू होती. मोठा दिवाणखाना, सोफ्यावर दोघी भांडताहेत, आणि मागच्या दारातून निळ्या युनिफॉर्ममध्ये वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. ठेवला. मान खाली घातली. गेल्या. माझ्या शेजारची मल्याळी बाई मोबाइलमध्ये होती. आत माझा नंबर पुकारला तरी मी बसून राहिलो. परत येतील म्हणून.

तीन वर्षांपूर्वी मित्राने राजीनामा दिला आणि ते दोघं ओसाकाला गेले. निरोपाच्या जेवणात तो म्हणाला, "कॅमेरा दुकानात परत करायला चाललोय." सगळे हसले. वहिनींनी मागून काहीच म्हटलं नाही.

तिथे त्या पुन्हा नाटकात गेल्या. पन्नाशीत, नव्याने. मित्र फोटो पाठवतो. गेल्या वर्षी खुद्द वहिनींचा निरोप आला, इतक्या वर्षांनी मराठीत, अक्षरं जुळवून लिहिलेला. त्या एक एकपात्री प्रयोग बसवताहेत, अर्धा जपानीत, अर्धा मराठीत. एक सून आणि तिची न दिसणारी सासू. त्यात त्यांना त्या प्रयोगातला एक तुकडा ऐकवायचा होता. लिहिलं होतं: "भाऊजी, माझी मराठी आता विसरायला आली. तेव्हाची मी कशी बोलत होते ते ऐकायचं आहे. बिघडलेला आवाजही चालेल. खरखर असली तरी चालेल. थोडा तरी राहिला आहे का?"

भाऊजी, असं लिहिलं होतं. मी ते दोन दिवस बघत होतो. दाराशीच आलं होतं सगळं. नुसतं पाठवायचं होतं. पण पाठवलं असतं तर त्यात खरखर नव्हती. ऐकताक्षणी त्यांना कळलं असतं की माइक चालू होता, आणि मग चिवड्याच्या डब्यासमोरची ती दुपार, टाळ्या, जिना, नाशिकचा तो पलंग, सगळंच पुन्हा उघडलं असतं. मी उत्तर लिहिलं: "नाही राहिला, वहिनी. सॉरी."

पहिल्या वेळी मी घाबरून खोटं बोललो, असं निदान म्हणता येतं. या वेळी मी दोन दिवस विचार करून खोटं बोललो. त्यांचं उत्तर आलं, "बरं." तोच एक शब्द, त्या दुपारचा.

ती फाइल एका हार्ड डिस्कवर आहे. डिस्क आमच्या कपाटात, त्याच दुलयांच्या मागे. मी अधूनमधून ऐकतो, बायको बाजारात गेली की. आता मला ते हसणं नीट ऐकू येतं. लोक विनोदालाच हसत होते. प्रत्येक ठिकाणी, वाक्य संपल्यावर, बरोबर जिथे हसायचं तिथे. एकदाही आधी नाही, एकदाही उच्चारावर नाही. इतकी वर्षं मी यंत्रं तपासतो आणि चुकीचं दाखवणारा काटा त्या दुपारी माझ्याच कानात होता.

हे लिहून झालं की फाइल पाठवीन, असं लिहायचा मोह होतोय. लिहीत नाही. मी दिलेल्या शब्दाची किंमत काय, ते वर दिसलंच. जे आहे ते एवढंच: बायकोला तिने न केलेल्या अपराधातून सुटका देणं लागतो. मित्राला त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं लागतो. आणि वहिनींना त्यांचा आवाज देणं लागतो, एक तास बेचाळीस मिनिटं, झोपाळ्यासकट. सासूबाईंनाही तोच देणं लागत होतो. तो आता देता येत नाही.